गावचा कौल आणि दिल्लीचा कौल

निवडणूक कोणतीही असो, तिचा निकाल लागल्याबरोबर आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: आता वारे कोणीकडे वाहणार? सरपंच निवडून आला की त्यावरून पुढचा आमदार कोण ते वर्तविले जाते. आमदार निवडून आला की तोच न्याय लोकसभेला लावला जातो. नगरपालिकेत एखाद्या पक्षाचे चार सदस्य अधिक आले की त्या पक्षाची मंडळी दिल्ली जिंकल्याच्या थाटात गुलाल उधळतात. पराभूत पक्षाची मंडळी मात्र "ही तर स्थानिक निवडणूक" असे म्हणून मान फिरवितात. या दोहोंपैकी खरे कोणाचे? लहान निवडणूक ही मोठ्या निवडणुकीची नांदी असते काय? आज या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सौसर आणि पांढुर्णा हा आपला मराठी भाषा बोलणारा मुलूख 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. जिल्हा वेगळा झाला, तरी लोकसभेचे क्षेत्र छिंदवाड्याचेच राहिले. जुन्नारदेव, अमरवाडा, चौरई, सौसर, छिंदवाडा, परासिया आणि पांढुर्णा असे विधानसभेचे सात मतदारसंघ या एका लोकसभा क्षेत्रात येतात. तेच गाव, तोच मतदार. पण विधानसभेला एक मत आणि लोकसभेला दुसरे. ही दोन मते शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे मोठी मौज दिसते.

नोव्हेंबर 2013 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. या सातांपैकी चार जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, त्यांत सौसरही होते. पांढुर्णा, परासिया आणि अमरवाडा या तीन जागा काँग्रेसकडे राहिल्या. यावरून कोणीही असेच म्हणाला असता की, येती लोकसभा काँग्रेसला जड जाणार. त्यातून 2014 साली साऱ्या देशात भारतीय जनता पक्षाची लाट होती आणि मध्य प्रदेशातील 29 पैकी 27 जागा त्या पक्षाने घेतल्या. उरलेल्या दोन जागांपैकी एक छिंदवाड्याची होती. तेथे कमलनाथ एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

आता दहा वर्षे पुढे येऊ. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यात भारतीय जनता पक्षाने 230 पैकी 163 जागा जिंकल्या, पण छिंदवाड्याच्या सातही जागा काँग्रेसने राखल्या. सौसर काँग्रेसचे, पांढुर्णाही काँग्रेसचे. मग लोकसभा काँग्रेसचीच, असा हिशेब सरळ दिसत होता. परंतु जून 2024 मध्ये मतमोजणी झाली, तेव्हा भारतीय जनता पक्षाचे बंटी विवेक साहू हे नकुलनाथांचा 1,13,618 मतांनी पराभव करून निवडून आले. एकदा सातांतील चार आमदार असूनही खासदार मिळाला नाही आणि एकदा सातही आमदार असून खासदार गेला. मधल्या 2019 साली मात्र हिशेब जुळला होता. सातही आमदार काँग्रेसचे होते आणि नकुलनाथ 37,536 मतांनी विजयी झाले होते. म्हणजे भाकीत कधी खरे ठरते, कधी खोटे. आणि जे कधी खरे, कधी खोटे, त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

हे काही आजचेच नाही. 1977 साली उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण झाली. मध्य प्रदेशात त्या वेळी 40 जागा होत्या. त्यांपैकी एकच काँग्रेसला मिळाली आणि ती छिंदवाड्याची. पुढे 1996 मध्ये अलका नाथ येथून निवडून आल्या. त्यांनी राजीनामा दिल्यावर 1997 मध्ये पोटनिवडणूक झाली. तिच्यात माजी मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांनी कमलनाथांना पराभूत केले. सर्वांना वाटले, गड पडला. परंतु 1998 च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच दोघांची पुन्हा गाठ पडली आणि कमलनाथ विजयी झाले. उमेदवार तेच, मतदार तेच. मध्ये सुमारे एका वर्षाचे अंतर. मग बदलले काय? माझ्या मते बदलला तो प्रश्न. पोटनिवडणुकीत सरकार कोणाचे असावे हा प्रश्न नसतो. तेथे नाराजी दाखविण्यास मोकळीक असते. सार्वत्रिक निवडणुकीत तो प्रश्न पुन्हा पुढे येतो.

हे मर्म अधिक उघड पाहावयाचे असेल तर इंग्लंडकडे वळावे लागते. तेथे पार्लमेंटची सार्वत्रिक निवडणूक चार-पाच वर्षांनी येते; पण नगरमंडळांच्या आणि परगण्यांच्या निवडणुका कोठे ना कोठे जवळजवळ दर वर्षी मे महिन्यात होतात. शिवाय 1979 पासून 2019 पर्यंत युरोपीय पार्लमेंटसाठीही तेथे मतदान होत असे. त्यामुळे एकाच जनतेने निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांसाठी दिलेला कौल ताडून पाहण्याची तेथे उत्तम सोय झाली.

त्या कौलांची तुलना केली तर काय दिसते? 1999 च्या युरोपीय निवडणुकीत हुजूर पक्षाला 36 आणि सत्तारूढ मजूर पक्षाला 29 जागा मिळाल्या. दोनच वर्षांनी, 2001 मध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मजूर पक्षाने 413 जागा घेतल्या आणि हुजूर पक्ष 166 वर राहिला. 2014 च्या युरोपीय निवडणुकीत युनायटेड किंगडम इंडिपेन्डन्स पार्टी या पक्षाने दोन्ही मोठ्या पक्षांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला. 73 पैकी 24 जागा त्याच्या. पुढच्याच वर्षी पार्लमेंटच्या निवडणुकीत त्या पक्षाला सुमारे 39 लाख मते पडली, पण जागा मिळाली एक. 2019 चे उदाहरण तर याहून विलक्षण आहे. त्या वर्षी मे महिन्यात सत्तारूढ हुजूर पक्ष युरोपीय निवडणुकीत पाचव्या क्रमांकावर घसरला आणि त्याला चार जागा मिळाल्या. नव्याने निघालेल्या ब्रेक्झिट पार्टीने 29 जागा जिंकल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हुजूर पक्ष 365 जागा घेऊन बहुमताने सत्तेवर आला आणि ब्रेक्झिट पार्टीला एकही जागा मिळाली नाही. हुजूर पक्षाकडे असलेल्या जागांवर ब्रेक्झिट पार्टीने उमेदवार उभे केले नव्हते, हे लक्षात घेतले तरी सात महिन्यांतील हे अंतर थोडे नव्हे.

युरोपातील पहिली निवडणूक झाल्यावर, 1980 साली, राइफ आणि श्मिट या दोन जर्मन अभ्यासकांनी या चमत्काराची उपपत्ती मांडली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: ज्या निवडणुकीने देशाचे सरकार ठरते ती पहिल्या प्रतीची, जिने ते ठरत नाही ती दुसऱ्या प्रतीची. या दुसऱ्या प्रतीच्या निवडणुकीची तीन लक्षणे असतात. एक, मतदान कमी होते. दोन, सत्तारूढ पक्ष मार खातो, विशेषतः त्याच्या कारकिर्दीच्या मध्यावर. तीन, लहान व नवे पक्ष फोफावतात. कारण त्यांना मत दिल्याने सरकार कोसळण्याचे भय नसते. आम्हां शिक्षकांच्या भाषेत सांगावयाचे तर ही चाचणी परीक्षा आहे. तिच्यात मुले थोडी सैल सुटतात. वार्षिक परीक्षेला तीच मुले वेगळी वागतात.

या तीन लक्षणांना एका चौथ्या गोष्टीची जोड द्यावी लागेल. ती म्हणजे मते मोजण्याची पद्धत. 1989 साली इंग्लंडात हरित पक्षाला युरोपीय निवडणुकीत जवळजवळ 15 टक्के मते मिळाली, पण जागा एकही नाही. कारण तेव्हा एका मतदारसंघात ज्याला सर्वांत अधिक मते, तो विजयी, अशी आपल्यासारखीच पद्धत होती. 1999 मध्ये ती बदलून मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत आली आणि त्याच पक्षाला सुमारे 6 टक्के मतांवर दोन जागा मिळाल्या. मते निम्म्याहून कमी झाली आणि जागा वाढल्या! तेव्हा नुसत्या जागा मोजून जनमत कळते असे समजणारा मनुष्य तराजू न पाहता माल जोखतो.

आता ही मोजपट्टी घेऊन मध्य प्रदेशात परत येऊ. 2022 साली राज्यातील 16 महानगरपालिकांच्या महापौरांची निवडणूक झाली. त्यापूर्वी ही सोळाही पदे भारतीय जनता पक्षाकडे होती. या वेळी त्याला नऊ मिळाली, काँग्रेसला पाच, आम आदमी पक्षाला सिंगरौलीचे एक आणि कटनीत अपक्ष उमेदवार विजयी झाला. काँग्रेसच्या पाचांत छिंदवाडा होते. पाहा, दोन लक्षणे जशीच्या तशी उतरली: सत्तारूढ पक्षाचे नुकसान आणि नव्या पक्षाचा शिरकाव. आणि पुढे? वर्षभराने विधानसभेत सत्तारूढ पक्षाला दोनतृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या, आम आदमी पक्षाला एकही नाही, आणि 2024 मध्ये लोकसभेच्या 29 पैकी 29 जागा भारतीय जनता पक्षाने घेतल्या. महापौरांच्या निकालावरून ज्यांनी भोपाळचे आणि दिल्लीचे भविष्य सांगितले, त्यांचे पंचांग चुकले.

परंतु इंग्लंडची मोजपट्टी आपल्याकडे सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिले लक्षण घ्या. इंग्लंडात नगरमंडळाच्या निवडणुकीला एकतृतीयांशाच्या आसपास लोक मत देतात. 1999 च्या युरोपीय निवडणुकीत तर चौथा हिस्साही मतदार आले नव्हते. त्यामुळे तेथे असे म्हणता येते की, लहान निवडणुकीत मत देणारे लोकच निराळे होते. आपल्याकडे हे समाधान चालत नाही. 2024 मध्ये छिंदवाडा क्षेत्रात सुमारे 80 टक्के मतदान झाले. म्हणजे पाचांतील चारजण केंद्रावर गेले होते. विधानसभेलाही रांगा अशाच लांब होत्या. तेव्हा आपल्याकडे माणसे बदलली नाहीत; बहुतांशी त्याच माणसांनी निराळे उत्तर दिले. काही अंशी उमेदवार बदलला होता, काही अंशी मतदानापूर्वी अमरवाड्याचे आमदार आणि छिंदवाड्याचे महापौर पक्ष सोडून गेले होते, हे खरे. तरीही लाखावर मतांचा फरक केवळ तेवढ्याने पडत नाही. विधानसभेच्या वेळी मतदाराला विचारले होते, तुझा आमदार कोण? लोकसभेच्या वेळी विचारले, देशाचा कारभार कोणी चालवावा? दोन प्रश्नांना दोन उत्तरे देणारा मतदार चंचल नसतो. तो प्रश्न नीट वाचणारा असतो.

आणि गावच्या पंचायतीला तर ही मोजपट्टी मुळीच लागत नाही. मध्य प्रदेशात पंच, सरपंच, जनपद पंचायत आणि जिल्हा पंचायत या चारही पायऱ्यांच्या निवडणुका पक्षचिन्हावाचून होतात. खेड्यातील मतदाराच्या हाती एकाच दिवशी चार मते असतात, आणि त्यांपैकी एकावरही कमळ वा पंजा नसतो. सीमेपलीकडे नरखेड, काटोल, वरूड या बाजूला आपलेच सोयरे राहतात. त्यांच्याकडे ग्रामपंचायत चिन्हावाचून असली, तरी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद पक्षांच्या चिन्हांवर लढविली जाते. एका नदीच्या अलीकडे व पलीकडे असे दोन नियम आहेत. आपल्याकडे निकाल लागल्यावर दोन्ही पक्ष निवडून आलेल्या सदस्यांना "आमचेच" म्हणून मोजतात, आणि दोघांच्या दाव्यांची बेरीज केली तर ती कित्येकदा एकूण जागांहून अधिक भरते! नगरपालिकेत चिन्हे असतात. पण 2022 साली महापौर जनतेने थेट निवडले, तर नगरपालिकांचे अध्यक्ष नगरसेवकांनी, म्हणजे ज्यांना आपण पार्षद म्हणतो त्यांनी निवडले. तेथे जनमताला आणखी एका चाळणीतून जावे लागले.

मग लहान निवडणुकीला काही अर्थच नाही काय? तसे नाही. कधी कधी ती खरा इशारा देते. 1995 मध्ये इंग्लंडात स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाने सुमारे दोन हजार जागा गमावल्या, आणि 1997 मध्ये त्याचे सरकारही गेले. कधी ती मोठ्या पक्षांना हलविते. युरोपातून बाहेर पडा असे सांगणाऱ्या पक्षाला पार्लमेंटात जेमतेम एक जागा होती. पण त्याने लहान निवडणुकांत घेतलेल्या मतांचा धाक मोठ्या पक्षांना बसला. जून 2016 च्या जनमतात देशाने बाहेर पडण्याचा निर्णय दिला आणि 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन युरोपीय संघातून निघाला. मजूर पक्षाने जुलै 2024 मध्ये मोठे बहुमत मिळविले. पण दहा महिन्यांनी, मे 2025 मध्ये, स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म यूके या नव्या पक्षाने 677 जागा जिंकून दहा मंडळांवर ताबा मिळविला. हे भाकीत आहे की केवळ रागाचा उद्गार, हे एका निकालावरून सांगता येत नाही. तसाच दुसरा, तिसरा निकाल येऊ लागला म्हणजे मग त्याला दिशा म्हणावी.

परंतु या साऱ्या हिशेबात एक मनुष्य विसरला जातो, आणि मला आज विशेष त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. इंग्लंडातील त्या दोन हजार जागा म्हणजे नुसते आकडे नव्हेत. त्यांत असे कित्येक सभासद असतील की, ज्यांनी आपल्या वस्तीतील रस्ते, शाळा, वाचनालये यांची काळजी वाहिली होती. लंडनच्या सरकारवरचा राग त्यांच्या पदरात पडला. मतदाराने दटावले पंतप्रधानाला. घरी गेला तो गावचा कार्यकर्ता. आणि याची उलट बाजूही आहे: वाऱ्यावर स्वार होऊन ज्याने कधी नाली पाहिली नाही, असा मनुष्य नगरमंडळात जाऊन बसतो. तेव्हा लहान निवडणुकीला मोठीची सावली मानण्याने नुकसान होते ते भविष्यवाद्याचे नव्हे, गावाचे होते.

राज्यघटनेच्या 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीने, 1993 पासून, पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेचे अधिष्ठान मिळाले. अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी 29 विषय आणि बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांसाठी 18 विषय सांगितले आहेत. पिण्याचे पाणी, रस्ते, दिवे, स्वच्छता हे त्यांतलेच. त्या दुरुस्तीनंतर 1994 साली पंचायतींच्या निवडणुका पहिल्याने घेण्याचा मान मध्य प्रदेशाकडेच जातो. 2022 मध्ये निवडलेल्या पंचायतींची पाच वर्षांची मुदत 2027 मध्ये पुरी होते. पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतर या भागात पंचायतींचे हे पहिलेच सर्वसाधारण मतदान असेल. नव्या जिल्ह्याला पहिली काही वर्षे कशी माणसे मिळतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. संत्र्याच्या बागेला पाणी कोठून येणार, गावचा रस्ता बाजाराला केव्हा जोडला जाणार, उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येणार, या प्रश्नांची उत्तरे दिल्लीच्या लाटेत नसतात.

म्हणून निकाल वाचताना तीन गोष्टी विचाराव्या. मत किती जणांनी दिले? त्यांना प्रश्न कोणता विचारला होता? आणि उत्तरे मोजली कशी? या तिन्ही गोष्टी दोन निवडणुकांत सारख्या असतील तरच एकीवरून दुसरीचा अंदाज करावा. निकाल वाचण्याचा हा नियम झाला. मत देण्याचा नियम याहून सोपा आहे. दिल्लीविषयी जे सांगावयाचे असेल ते लोकसभेच्या वेळी सांगावे, भोपाळविषयीचे विधानसभेच्या वेळी. आणि गावचे मत गावाच्या कामासाठी राखून ठेवावे. पंचायतीच्या मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते, ती उणीव नव्हे. माणूस पाहून मत देण्याची ती सोय आहे. सौसर-पांढुर्ण्याच्या मतदाराने आमदाराचे मत आणि खासदाराचे मत वेगळे ठेवून दाखविले आहे. तोच विवेक त्याने सरपंचाच्या मताला लावला, तर निकालाच्या दिवशी वारे कोणीकडे वाहते ही चर्चा थोडी फिकी पडेल. परंतु गावच्या विहिरीला, रस्त्याला आणि शाळेला जाब देणारा मनुष्य मिळेल.